अंगणात कडुलिंब की मोरपंखी?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मे संपत आला की रोपवाटिकेत गर्दी वाढते. पावसाच्या तोंडावर दारात काहीतरी लावावं असं सगळ्यांनाच वाटतं. घर नवं बांधलेलं असतं, पुढे पंधरा-वीस फुटांचं अंगण सुटलेलं असतं आणि घरात दोन मतं पडतात. सासूबाई म्हणतात, कडुलिंब लावा, सावली होईल. मुलगा म्हणतो, मोरपंखी लावू, बारा महिने हिरवी राहते, कचराही करत नाही. रोज अंगण झाडणारी सून सहसा मोरपंखीच्या बाजूनं कौल देते, आणि तिचं म्हणणं वावगं नसतं. पण झाड एकदा लावलं की पुढची तीस-चाळीस वर्षं त्याच्या सोबतीनं काढायची असतात. म्हणून आज या दोघांची नीट तुलना करू या.

कडुलिंब आपल्या कोरड्या भागात पानझडी झाड आहे. म्हणजे वर्षातून एकदा जुनी पानं टाकून ते नवी घेतं. मोरपंखी सदाहरित आहे आणि ती सूचिपर्णी झाडांच्या कुळातली, देवदार-चीडची लांबची नातेवाईक. मूळची चीनकडची. तिची पानं खवल्यांसारखी एकमेकींवर बसलेली असतात आणि फांद्या पंख्यासारख्या उभ्या. तिला फुलं येत नाहीत, निळसर हिरवी, शिंगं असलेली छोटी बोंडं येतात. शाळेतली मुलं तिची डहाळी ‘विद्या’ म्हणून वहीत ठेवतात, तीच ही. रोपवाटिकेत मिळणारी ठेंगणी जात सावकाश वाढते आणि बरीच वर्षं माणसाच्या उंचीच्या आसपास राहते.

इथेच पहिला फरक लक्षात घ्या. मोरपंखीची सावली तिच्या बुडाशीच पडते. तिच्याखाली खाट टाकता येत नाही, धान्य निवडत बसता येत नाही, शेळी बांधता येत नाही. ती दाराची शोभा आहे. सावली हवी असेल तर तिच्याकडून मागू नये.

आता सावली कुठे हवी ते पाहू. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. महाराष्ट्रात प्रत्येक गावी मे महिन्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच राहते. त्या वेळी ऊन छपरावर पडतं. पण दोननंतर सूर्य कलतो आणि ऊन पश्चिमेच्या भिंतीवर आडवं येतं. ती भिंत संध्याकाळपर्यंत तापते आणि रात्री तीच उष्णता घरात सोडते. ज्या घरात रात्री अकरापर्यंत पंख्याखालीही घाम येतो, तिथे बहुतेक वेळा पश्चिमेची भिंत उघडी असते आणि वर पत्रा असतो. मोठं झाड भिंतीवर येणारं ऊन अडवतं आणि पानांतून पाण्याची वाफ सोडून भोवतालची हवाही थोडी थंड ठेवतं. म्हणून झाडाची जागा पश्चिमेला. उन्हाळ्यात सूर्य मावळतो तो थोडा उत्तरेकडे सरकून, तेव्हा वायव्येचा कोपराही चालतो.

दक्षिण बाजू मात्र शक्यतो मोकळी ठेवा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून जातो. पुण्याच्या आसपास त्या दिवसांत भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो. हे तिरपं ऊन ओट्यावर, खिडकीतून घरात येतं. थंडीत म्हातारी माणसं तिथेच पाठ शेकत बसतात, बाळाला तेल लावून तिथेच ठेवतात. ते ऊन अडवू नये. दक्षिणेच्या खिडकीजवळ काही लावायचंच असेल तर ठेंगणी मोरपंखी तिथे शोभते.

पानझडी झाडांबद्दल एक गोष्ट पुस्तकात हमखास वाचायला मिळते: ती उन्हाळ्यात सावली देतात आणि हिवाळ्यात पानं गाळून ऊन आत सोडतात. थंड देशांत ते खरं आहे, कारण तिथली झाडं हिवाळ्याच्या आधी पानं गाळतात. आपल्याकडची झाडं पाण्याच्या टंचाईपायी पानं गाळतात, तीही माघ-फाल्गुनात. म्हणजे थंडी सरत आलेली आणि उन्हाळा दारात. त्यामुळे आपण विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे झाड नवी पालवी कधी घेतं?

पळस, पांगारा, काटेसावर यांची फुलं पाहून मन हरखतं, पण ऊन तापू लागलेलं असताना ती बराच काळ उघडी असतात. बहावा सोन्यासारखा फुलतो, मात्र त्या वेळी त्याच्यावर पानं विरळ असतात. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात मोडून छपरावर पडतात. ही झाडं बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या मैदानात लावावीत. घराच्या पश्चिमेला सावलीसाठी हवं असं झाड, जे पानं टाकतं आणि लगेच भरतं.

कडुलिंब तसा आहे, आणि त्याचा पुरावा आपण दरवर्षी खातो. गुढीपाडव्याला प्रसादात कडुलिंबाची कोवळी पानं आणि फुलं असतात. म्हणजे चैत्र लागेपर्यंत झाड नव्या पानांनी भरू लागलेलं असतं. वैशाखाच्या उन्हात त्याची सावली दाट असते. करंजही असाच, चैत्रात चकचकीत पोपटी पालवी घेतो. जिथे पाऊस जास्त आणि जमीन ओलसर, तिथे तो चांगला येतो. देशी बदामाची पानं लाल होऊन गळतात, पण ती मोठी असल्यानं गोळा करायला सोपी जातात आणि त्याच्या आडव्या फांद्यांची छत्री चांगली होते.

आता सुनेच्या मुद्द्याकडे येऊ. पाचोळा कोण काढणार? घरात झाडाची हौस सगळ्यांना असते आणि खराटा एकीच्याच हातात असतो. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पानगळीचा जोर काही आठवडे असतो, त्यानंतर फुलोरा पडतो, मग निंबोळ्या. काम आहेच. पण दुसरी बाजूही मोजा. भर दुपारी घरात कोण असतं? पुरुष शेतावर किंवा कामावर, मुलं शाळेत. तापलेल्या पत्र्याखाली स्वयंपाक करणारी, शिवणयंत्र चालवणारी, बाळंतीण, आजारी सासू, या घरातच असतात. पाचोळ्याचं काम बाईवर येतं तसा उन्हाचा तापही तिच्यावरच येतो. म्हणून झाड लावतानाच ठरवून घ्या: सावलीत जे बसतील ते खराटाही हातात घेतील. रोप आणायच्या आधी हे बोलून घेतलेलं बरं, नंतर कुणी ऐकत नाही.

पाचोळा जाळू नका. धुरानं खोकला होतो आणि खत वाया जातं. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून त्यात पाचोळा आणि शेण थरानं टाका, ओलावा राखा. थोडा पाचोळा परसातल्या भाजीच्या आळ्यात पसरा, पाणी कमी लागतं. कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून ज्वारी-गव्हात घालण्याची रीत आपल्याला ठाऊक आहेच. निंबोळ्या वाळवून ठेवल्या तर शेतात फवारायला ५ टक्के निंबोळी अर्क घरी करता येतो. त्यासाठी ५ किलो निंबोळीची पूड आणि एकूण १०० लिटर पाणी, असं साधं प्रमाण आहे.

मग मोरपंखी लावायचीच नाही का? जरूर लावा, पण तिच्या जागी. भाड्याचं घर असेल तर कुंडीतली मोरपंखी सोबत नेता येते. अंगण चार-पाच फुटांचंच असेल, वरून विजेच्या तारा गेल्या असतील, शेजारची भिंत लागून असेल, तर मोठं झाड लावून पुढे दरवर्षी त्याच्या फांद्या तोडत बसण्यात अर्थ नाही. काहीजणी ती दाराशी जोडीनं लावतात, त्यालाही आमची हरकत नाही.

तिची निगा मात्र ठाऊक हवी. तिला भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा लागतो. काळ्या जमिनीत बुडाशी पाणी साचलं की मुळं कुजतात, म्हणून तिथे उंचवटा करून किंवा कुंडीतच लावा. कडक उन्हाळ्यात तिच्यावर लाल कोळी येतात, तेव्हा अधूनमधून पाण्यानं झाड धुवावं. आणि छाटणी वरवरचीच करा. आतल्या जुन्या, करड्या लाकडापर्यंत कापलं तर तिथून पुन्हा फुटवा येत नाही, भोक कायमचं राहतं. तिचा पाला शेळ्यांना घालू नका. आणखी एक सांगतो. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत मिळणारं, थर असलेलं झाड ठेंगणं समजून दाराशी लावू नका. जमिनीत ते फार उंच जातं.

कडुलिंब लावायचा तर भिंतीपासून किमान १५ फूट दूर, पाण्याची टाकी आणि शोषखड्डा यांच्यापासूनही लांब. वड-पिंपळ तर घराजवळ नकोतच. उन्हाळ्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करून तापू द्या. पहिला चांगला पाऊस झाला की माती आणि शेणखत भरून रोप लावा. रोप विकत घ्यायची गरज नाही. ताज्या पिकल्या निंबोळीचा गर काढून ती लगेच पेरली तर सहज उगवते, जुनी झाली की उगवत नाही. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतही रोपं मिळतात. भोवती काट्यांचं कुंपण करा, कारण शेळीला कुंपणाशिवायचं रोप लगेच सापडतं. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. बुडाशी बारीक भोकाचं मडकं पुरून त्यात पाणी भरलं तर थोडक्यात भागतं आणि हंड्याची एक खेप वाचते. चार-पाच वर्षांत खाली खाट टाकण्याइतकी सावली होते.

आणि ज्यांच्या दारात जागाच नाही त्यांचं काय? त्यांनी चार घरांच्या मधली, अंगणवाडीपुढची, नळाजवळची जागा शोधावी. जिथे बायका पाण्यासाठी रांगेत उभ्या राहतात तिथे सावली सगळ्यात आधी हवी. बचत गटानं ग्रामसभेत हा विषय मांडावा, झाड कुणी राखायचं त्याची पाळी लावून घ्यावी. शहरात राहणाऱ्या मैत्रिणींनी एवढं ध्यानात ठेवावं की १९७५ च्या कायद्यानं तिथे मोठं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून जागा लावतानाच नीट निवडावी.

थोडक्यात, पश्चिमेला जागा असेल तर कडुलिंब किंवा करंज. जागा नसेल, तारा असतील, घर भाड्याचं असेल तर मोरपंखी. दोन्हींना जागा असेल तर दोन्ही लावा, फक्त दक्षिणेचं थंडीतलं ऊन मोकळं राहू द्या. खड्डा मात्र याच आठवड्यात काढून ठेवा, पाऊस सुरू झाला की पेरणीच्या घाईत ते राहून जातं.