गेट बंद, भरती मोबाईलवर: कोरोनाच्या काळात सातपूरमध्ये काम शोधणाऱ्यांचं काय झालं?

सातपूर एमआयडीसीत काम शोधायची एक ठरलेली रीत आहे. सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला त्र्यंबक रोडला उतरायचं. फोल्डरमध्ये बायोडेटाच्या आणि आयटीआयच्या मार्कशीटच्या पाच-सहा झेरॉक्स असतात. मग एकेका गेटवर "भरती आहे का?" असं विचारत पुढे सरकायचं. गेटशेजारी 'फिटर, टर्नर, वेल्डर, व्हीएमसी ऑपरेटर, हेल्पर पाहिजेत' असा बोर्ड दिसला तर बायोडेटा वॉचमनकडे जातो. बोर्ड नसेल तर आत काम करणाऱ्या गाववाल्याला फोन जातो. तो सुपरवायझरला सांगतो, सुपरवायझर ठेकेदाराला सांगतो आणि दोन-चार दिवसांत माणूस मशीनवर उभा असतो.

महिंद्रा, बॉश, सिएट ही सातपूरमधली मोठी नावं सगळ्यांना माहीत असतात. पण सातपूर आणि शेजारच्या अंबडमधलं बरंचसं काम मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मध्यम कारखान्यांत चालतं. तिथे 'एचआर' म्हणजे बऱ्याचदा मालक स्वतः, नाहीतर ठेकेदार. जाहिरात पेपरात येत नाही, वेबसाइटवर तर नाहीच.

२५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला आणि हे गेटच बंद झालं. गाववालाही घरी, सुपरवायझरही घरी. इथपासून पुढच्या दीड-दोन वर्षांत काम शोधायची पद्धत कशी बदलली आणि त्यात कोण मागे राहिलं, ते समजून घ्यायला हवं, कारण तेव्हा आलेल्या अनेक गोष्टी आज नेहमीच्या झाल्या आहेत.

नोकऱ्या गेल्या कधी?

लॉकडाऊन लागला त्या दिवशी सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या, असं झालं नाही. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला की बंदच्या काळातही मालकांनी कामगारांना पूर्ण पगार द्यावा. हा आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला. बरेच कारखाने तेव्हा नुकते कुठे सुरू होत होते, तेही कमी माणसांवर. वाहन उद्योग २०१९ पासूनच मंदीत होता. एप्रिल २०२० मध्ये तर मारुती सुझुकीने देशात एकही गाडी विकली नव्हती. गाडीच विकली जात नसेल तर तिचे सुटे भाग कोण घेणार?

देशभरात एकट्या एप्रिल महिन्यात १२ कोटींहून जास्त लोकांचं काम गेलं, असा सीएमआयई या संस्थेचा अंदाज होता. नोकरी डॉट कॉमवरच्या भरतीच्या जाहिराती त्याच महिन्यात वर्षभरापूर्वीच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी घटल्या होत्या.

पण त्याच वेळी नाशिकमधून माणसं बाहेरही जात होती. १ मे २०२० ला ज्या पहिल्या सहा श्रमिक विशेष रेल्वे जाहीर झाल्या, त्यातल्या दोन नाशिकच्या होत्या. एक भोपाळला, दुसरी लखनौला. त्यामुळे जून-जुलैमध्ये एक विचित्र चित्र तयार झालं. मालक म्हणत होते की माणसं मिळत नाहीत आणि सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगरमधली पोरं म्हणत होती की काम मिळत नाही.

दोघंही खरंच बोलत होते. परराज्यांतले अनेक मजूर फाउंड्री, फॅब्रिकेशन, पेंटिंग, लोडिंग अशा अंगमेहनतीच्या कामांवर होते. आयटीआय करून मशीनवर हात बसवलेल्या मुलाला त्या पगारात ते काम नको होतं, आणि त्याच्या मशीनला ऑर्डर नव्हती. यावरून तेव्हा 'मराठी पोरांना कष्ट नकोत' अशा पोस्ट भरपूर फिरल्या. ज्याने दोन वर्षं टर्नरचा ट्रेड शिकला, त्याने भट्टीसमोर हेल्पर म्हणून का उभं राहावं, याचं उत्तर त्या पोस्टींमध्ये नसायचं.

महाजॉब्स आलं, पण कागद कुठून आणायचा?

६ जुलै २०२० ला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 'महाजॉब्स' पोर्टल सुरू केलं. उद्योग विभागाने त्यात पुढाकार घेतला होता. मजूर गावी गेल्याने रिकाम्या झालेल्या जागा स्थानिकांना मिळाव्यात, ही त्यामागची कल्पना. १७ क्षेत्रांतल्या ९५० कामांसाठी तिथे नोंदणी करता येत होती. कौशल्य विकास विभागाचं महास्वयम पोर्टल आधीपासून होतंच. त्यावरून ऑनलाईन रोजगार मेळावेही होऊ लागले.

कल्पना चांगली होती. अडचण होती ती अटीत. महाजॉब्ससाठी अधिवास प्रमाणपत्र, म्हणजे डोमिसाईल लागायचं. ते मिळवायला साधारणपणे राज्यात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. सातपूर आणि सिडको भागात जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेली हजारो कुटुंबं आहेत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागातली मुलं खोली घेऊन राहतात. यातले बहुतेक जण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातलेच. पण शाळेचा दाखला गावाकडे, रेशनकार्ड वडिलांच्या नावावर आणि खोलीचा भाडेकरार झालेलाच नाही, अशी परिस्थिती असली की 'स्थानिक' असूनही ते सिद्ध करता येत नाही. आणि गावी जायला तेव्हा ई-पास लागत होता.

दुसरी अडचण खुद्द कामाच्या स्वरूपात आहे. ऑफिसची मुलाखत व्हिडिओ कॉलवर होऊ शकते. वेल्डरची परीक्षा कशी घेणार? इथे भरती करताना माणसाला मशीनवर उभं करतात, एक जॉब काढायला लावतात आणि माप तपासतात. तो हात मोबाईलवर दिसत नाही. मग दिसतं काय? कागद. कोणत्या कंपनीत किती वर्षं, पीएफ होता का, अनुभवाचं पत्र आहे का. गेटवरची ओळख कमी पडायला लागली, तसा कागदाचा भाव वाढला.

एकाच लाईनवर तीन वेगळी माणसं

इथे जरा थांबायला हवं, कारण खरी गोम यातच आहे. कारखान्यात एकाच लाईनवर, एकाच रंगाच्या युनिफॉर्ममध्ये तीन प्रकारची माणसं काम करत असतात. कायम कामगार, ठेकेदाराचा कामगार आणि ट्रेनी.

ट्रेनीमध्येही प्रकार आहेत. अ‍ॅप्रेंटिस असतो आणि तेव्हा 'नीम' ट्रेनीही असायचे. नीम ही एआयसीटीईची २०१३ सालची योजना. त्यात मुलाला किमान वेतनाइतकं विद्यावेतन मिळायचं, पण तो कागदावर कामगार नसायचा. त्यामुळे पीएफ नाही, ईएसआय नाही. लाईनवर तो इतरांइतकेच पीस काढायचा. लॉकडाऊननंतर ट्रेनिंग थांबलं की त्याचा हिशोब तिथेच संपला.

ठेकेदाराच्या कामगाराला पीएफ आणि ईएसआय मिळणं हा कायदा आहे. ठेकेदाराने भरलं नाही तर ती जबाबदारी मूळ कंपनीवर येते. पण एमआयडीसीत 'ब्रेक' नावाचा प्रकार सगळ्यांना ठाऊक असतो. १२ महिन्यांत २४० दिवस भरले की तात्पुरत्या कामगाराला कायम होण्याचा हक्क सांगता येतो. म्हणून त्याआधीच, सहा-सात महिन्यांनी, ब्रेक दिला जातो. ब्रेकनंतर अनेकदा ठेकेदार बदलतो आणि नवा ठेकेदार तेव्हा जुना नंबर न विचारता पीएफचा नवा यूएएन आणि ईएसआयचा नवा नंबर काढून मोकळा व्हायचा. पाच वर्षं सलग सातपूरमध्ये घाम गाळलेला माणूस कागदावर तीन-चार तुकड्यांत विभागलेला असतो.

कोरोनात याची किंमत कशी मोजावी लागली, ते ईएसआयसीच्या एका योजनेवरून कळतं. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. पगारातून ईएसआय कापला जाणाऱ्या कामगाराची नोकरी गेली तर तिच्यातून भत्ता मिळतो. आधी तो सरासरी दैनिक कमाईच्या २५ टक्के होता. २४ मार्च २०२० पासून तो ५० टक्के केला गेला, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी. समजा रोजची सरासरी कमाई ५०० रुपये असेल, तर दिवसाला २५०, म्हणजे ९० दिवसांचे साडेबावीस हजार. घरभाडं आणि किराणा यांचा तीन महिन्यांचा प्रश्न सुटावा एवढी ही रक्कम. मालकाची सही मिळवायची अटही काढली होती. अर्ज थेट ईएसआयसीच्या शाखेत करता येत होता.

फक्त अट अशी की किमान दोन वर्षं विमा असलेल्या नोकरीत असायला हवं आणि ठरावीक सहामाहीत किमान ७८ दिवसांचं योगदान भरलेलं हवं. नंबर एकच असेल तर हे दिसतं. तीन नंबरांत विखुरलं असेल तर पैसे कापले गेलेले असूनही पात्रता सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

पीएफचंही तसंच. २८ मार्च २०२० ला नियम बदलला आणि खात्यातल्या रकमेच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, यातली कमी असेल ती रक्कम परत न करण्याच्या बोलीवर काढता येऊ लागली. पण त्यासाठी यूएएन चालू हवा, आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं. आधारवर जन्मतारीख एक आणि पीएफमध्ये दुसरी, एवढ्यावरूनही अर्ज अडायचा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'अर्जंट भरती'

गेट बंद झाल्यावर भरतीचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागले. त्यातले काही खरे होते. काहींत मोठ्या कंपनीचा लोगो, पगाराचा मोठा आकडा आणि शेवटी एक मोबाईल नंबर. फोन केला की 'रजिस्ट्रेशन फी', मग 'मेडिकल', मग 'युनिफॉर्म आणि गेटपास'. प्रत्येक वेळी रक्कम पाचशे-हजारच्या आसपास, म्हणजे उसने घेऊन भरता येईल आणि बुडाल्यावर पोलिसांत जायला लाज वाटेल एवढीच.

नोकरीसाठी आधी पैसे मागितले की तिथेच थांबावं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ठेकेदार खरा आहे का, हे तपासायचा एक सोपा मार्ग फार जणांना माहीत नाही. ईपीएफओच्या वेबसाइटवर आस्थापना शोधायची सोय आहे. तिथे ठेकेदाराच्या फर्मचं नाव टाकलं की ती नोंदलेली आहे का, पीएफ महिन्याच्या महिन्याला भरला जातो का आणि किती कामगारांचा भरला जातो, हे दिसतं. शंभर माणसं कामाला आहेत म्हणणाऱ्याचा पीएफ आठ जणांचाच भरलेला दिसला, तर काय ते समजून घ्या. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पसरत जाते.

दुसऱ्या लाटेत पुन्हा तेच, थोडं वेगळं

२०२० च्या दिवाळीपर्यंत वाहनांची मागणी परतली, गेटवर बोर्ड पुन्हा लागले. आणि एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. या वेळी कारखाने पूर्ण बंद नव्हते, पण कामगाराला लस मिळेपर्यंत दर १५ दिवसांनी कोरोना चाचणीचा निगेटिव्ह रिपोर्ट लागायचा. राज्याने आरटी-पीसीआरचा किमान दर ५०० रुपयांवर आणला होता. रोजंदारीवरच्या माणसासाठी तो जवळपास एका दिवसाचा पगार. १८ ते ४४ वयाचं लसीकरण १ मेपासून सुरू झालं आणि लसींअभावी दोन आठवड्यांच्या आत राज्यात थांबलंही. काम शोधणारी बहुतेक मुलं याच वयाची.

फॅब्रिकेशनवाल्यांना तर वेगळाच फटका बसला. पत्रा आणि प्लेट कापायला गॅस कटिंग लागतं, त्याला ऑक्सिजन लागतो. तो सगळा रुग्णालयांकडे वळवला गेला. २१ एप्रिलला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन रुग्णांचे जीव गेले. त्यानंतर या निर्णयाबद्दल नाशिकमध्ये कोण तक्रार करणार? ऑर्डर हातात असूनही वेल्डर आणि कटर घरी बसले.

ज्या योजनेत एका तारखेवर सगळं अडलं

याच काळात केंद्राची आत्मनिर्भर भारत रोजगार योजना चालू होती. १ ऑक्टोबर २०२० नंतर नवा कामगार घेतला आणि त्याचा पगार १५ हजारांच्या आत असेल, तर हजारापर्यंत कामगार असलेल्या कारखान्यांसाठी पीएफचे दोन्ही हिस्से, म्हणजे पगाराच्या २४ टक्के, सरकार दोन वर्षं भरणार होतं. १५ हजार पगारावर महिन्याला ३,६०० रुपये. यातला निम्मा फायदा मालकाचा, निम्मा कामगाराचा. लहान कारखान्याला फक्त दोन माणसं वाढवायची होती, ५० हून जास्त कामगार असतील तर पाच. नोंदणीची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०२२ पर्यंत गेली.

पहिल्यांदाच नोकरीला लागणारे यात बसत होते. आधी पीएफ असलेल्यांसाठी मात्र अट होती की त्यांची नोकरी १ मार्च ते ३० सप्टेंबर २०२० या काळात गेलेली असावी. नोकरी गेली हे ठरायचं पीएफ खात्यातल्या 'नोकरी सोडल्याची तारीख' या रकान्यावरून. तो रकाना भरायचं काम जुन्या ठेकेदाराचं. त्याने तो रिकामा ठेवला, तर मे महिन्यात काढून टाकलेला माणूस कागदोपत्री अजून कामावरच असायचा.

ही तारीख जानेवारी २०२० पासून कामगाराला स्वतः टाकता येते, ठेकेदाराच्या मागे फिरायची गरज नाही. शेवटचं योगदान जमा झाल्यावर दोन महिने थांबावं लागतं. मग यूएएन पोर्टलवर लॉगिन करून, आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी टाकून ती भरता येते. फक्त तारीख नीट बघून टाका.