फुगलेल्या शिरा आणि सकाळचे पळणे

पोटरीवर हिरव्या-निळ्या, नागमोडी शिरा दिसू लागल्या की माणूस प्रथम दोन गोष्टी करतो. पँट थोडी खाली ओढतो आणि सकाळचे फिरणे-पळणे बंद करतो. पहिल्या गोष्टीने काही बिघडत नाही. दुसरीने मात्र बिघडते.

या विकाराला डॉक्टरी भाषेत व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. मराठीत ‘अपस्फीत नीला’ असा भारदस्त शब्द आहे. पण पेशंट ‘शिरा फुगल्यात’ एवढेच सांगतात आणि ते पुरेसे असते.

विहिरीवर मोटर असणाऱ्या वाचकांना यामागचे कारण चटकन समजेल. मोटर बंद केली तरी पाइपातले पाणी खाली जात नाही, कारण तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो. तो गळू लागला की पाणी परत विहिरीत. आपल्या पायांतील नीलांमध्ये अशाच झडपा ठिकठिकाणी असतात. रक्ताला त्या वर हृदयाकडे जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. झडपा कमजोर झाल्या की रक्त खाली साचते, शीर ताणली जाते, वेडीवाकडी होते. आता मोटर कोणती? पोटरीचे स्नायू. प्रत्येक पावलाला ते आवळतात आणि खोलवरच्या नीलांतले रक्त वर ढकलतात.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याजवळच्या नीलेतील दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटर असतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच हा दाब ३० च्या आसपास उतरतो. झडपा गळक्या असलेल्या पायात तो इतका उतरत नाही, हे खरे. तरीही उभे राहण्यापेक्षा चालणे त्या पायाला केव्हाही हिताचे. म्हणून तर शिक्षक, कंडक्टर, न्हावी, खानावळीतला आचारी, चौकातला वाहतूक पोलीस यांना हा त्रास जास्त जाणवतो. घराण्यात असणे, बाळंतपणे आणि वाढलेले वजन ही आणखी कारणे. पळण्याने शिरा फुगतात हा मात्र निव्वळ गैरसमज.

मग पळावे कसे? ज्यांना सवय नाही त्यांनी आधी काही आठवडे रोज अर्धा तास झपझप चालावे, मग मध्ये मध्ये थोडे पळावे. शाळेचे मातीचे मैदान असेल तर डांबरी रस्त्यापेक्षा ते बरे. पायाला हादरे कमी बसतात. खरी चूक होते ती पळून झाल्यावर. मंडळी घामाघूम होऊन थांबतात आणि चहाच्या टपरीपाशी अर्धा तास गप्पा मारत उभी राहतात. स्नायू थांबले की पंप थांबला! पळणे संपल्यावर पाच-दहा मिनिटे सावकाश चालावे. घरी आल्यावर आडवे होऊन पाय भिंतीला टेकवून किंवा दोन-तीन उशांवर, छातीपेक्षा उंच, दहा-पंधरा मिनिटे ठेवावेत. सायकल आणि पोहणे उत्तमच. व्यायामशाळेत श्वास कोंडून जड वजने उचलणे मात्र टाळावे. पोटातला दाब वाढून तो थेट पायाच्या शिरांवर येतो.

डॉक्टर अनेकदा घट्ट लवचीक मोजे घालायला सांगतात. ते मापानेच घ्यावेत आणि सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, सूज नसताना चढवावेत. रात्री काढावेत. शेजाऱ्याचे मोजे आणून घालू नयेत. मधुमेह असणाऱ्यांनी व बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी आधी पायाच्या नाड्या तपासून घ्याव्यात, कारण धमन्याच अरुंद असतील तर घट्ट मोजा अपाय करतो. साधी खूण सांगतो. शिरांचे दुखणे उभे राहून वाढते, चालल्यावर हलके होते. चालताना पोटरी भरून येत असेल आणि थांबल्यावर दुखणे जात असेल, तर शंका धमनीची.

काही लक्षणे दिसताच मात्र पळणे थांबवावे. एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, दुखू लागली, तर खोलवरच्या शिरेत गुठळी असू शकते. असा पाय चोळू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. जोडीला दम लागला किंवा छातीत दुखले तर तडक मोठे रुग्णालय गाठावे. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडणे, खाज सुटणे, जखम न भरणे हीही दुखणे पुढे गेल्याची चिन्हे आहेत.

फुगलेली शीर ठेच लागून फुटली तर रक्त भळाभळा वाहते आणि घरचे घाबरतात. उभे किंवा बसलेले राहू नये. लगेच जमिनीवर झोपवावे, पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दहा मिनिटे न उचलता दाबून धरावी. रक्त बहुधा थांबते. मांडीला दोरी आवळण्याच्या फंदात पडू नये. मग दवाखान्यात न्यावे.

पोलीस आणि लष्कर भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या तरुणांना वेगळे सांगणे आहे. लष्करभरतीच्या वैद्यकीय तपासणीत फुगलेल्या शिरा नापास होण्याचे कारण ठरू शकतात. वर्षभर सोळाशे मीटरचा सराव करायचा आणि शेवटच्या दिवशी हे कळायचे, यापेक्षा तयारीच्या आरंभीच पाय दाखवावेत. डॉपलर सोनोग्राफीने कोणती झडप गळते ते समजते. लेसर किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने बिघडलेली शीर आतून बंद करता येते. शीर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून, असे अनेकजण विचारतात. पायातले बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतूनच वर जाते, तो रस्ता मोकळाच राहतो. या उपचारानंतर बहुधा त्याच दिवशी चालायला लावतात. पळणे आणि वजन उचलणे पहिले एक-दोन आठवडे बंद, पुढे सर्जन सांगतील तसे. भरतीची तारीख ठरली असेल तर ती त्यांना आधीच सांगावी.