नेट फास्ट, मग कॉल का अडकतो?

फ्लॅटवर चौघं राहता, वाय-फाय एकच. तुमचा ऑनलाइन इंटरव्ह्यू सुरू होतो आणि तिसऱ्याच प्रश्नाला समोरच्यांचा चेहरा स्क्रीनवर गोठतो. 'हॅलो, आवाज येतोय का?' असं तुम्ही विचारत असता, तेव्हा आतल्या खोलीत रूममेटच्या फोनमधले ट्रिपचे व्हिडिओ निवांत क्लाउडवर चढत असतात. मग फ्लॅटवर ठराव पास होतो, 'प्लॅन वाढवू या!'

जरा थांबा. व्हिडिओ कॉलला साधारण २ ते ४ एमबीपीएस पुरतात, ऑनलाइन गेम खेळायला तर त्याहून कमी. ५० एमबीपीएसच्या लाइनवर जागा भरपूर आहे. बऱ्याचदा अडचण स्पीडची नसते, रांगेची असते.

पन्नास वडापाव, एक कटिंग

कॅन्टीनमध्ये पुढच्याने अख्ख्या ग्रुपसाठी पन्नास वडापाव सांगितले आणि तुम्हाला हवाय फक्त एक कटिंग. तरी पन्नास वडापाव होईपर्यंत तुम्ही ताटकळणार. राउटर-मोडेममध्ये नेमकं हेच होतं. लाइनवर मावत नाही तो डेटा बफर नावाच्या मेमरीत थांबतो. समजा अपलोड स्पीड ५ एमबीपीएस आहे आणि बफरमध्ये १ एमबी डेटा तुंबलाय, तर तुमच्या आवाजाला बाहेर पडायला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागतो. बोलणं तुटायला एवढं पुरे! २०१०-११च्या सुमारास जिम गेटिस या अमेरिकन इंजिनीअरने या दुखण्याकडे जगाचं लक्ष वेधलं. त्याचं नाव बफरब्लोट.

आधी तपासा

फास्ट डॉट कॉमवर टेस्ट करा आणि जास्तीची माहिती दाखवणारं बटण दाबा. लेटन्सीचे दोन आकडे दिसतील: लाइन मोकळी असतानाचा आणि भरलेली असतानाचा. पहिला २० मिलिसेकंद आणि दुसरा ३००, असं काही दिसलं तर चोर सापडला.

आता राउटर उघडा

* राउटरच्या खालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बहुतेकदा तो १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो.
* मेन्यूत 'क्यूओएस' किंवा 'बँडविड्थ कंट्रोल' शोधा आणि चालू करा.
* अपलोड-डाउनलोडचा स्पीड दोन-तीनदा, शक्यतो रात्री गर्दीच्या वेळी मोजा आणि त्याच्या साधारण ९० टक्के आकडा तिथे भरा. ५० मिळत असतील तर ४५.
* ज्या लॅपटॉपवर कॉल आहे त्याला 'हाय प्रायोरिटी' द्या. काही राउटरमध्ये ती ठरावीक तासांपुरतीही देता येते.

पैसे ५०चे भरतो, मग ४५ का लिहायचे? कारण रांग कुठेतरी लागणारच. लिमिट थोडी खाली ठेवली की ती कंपनीच्या यंत्रणेत न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि कोण आधी जाणार हे तुम्हाला ठरवता येतं. ही पायरी गाळली तर प्रायोरिटी बऱ्याचदा नावापुरतीच उरते. आणि तोटा किती? २ जीबीची फाइल उतरायला सुमारे अर्धा मिनिट जास्त, बस.

राउटरमध्ये 'एसक्यूएम' किंवा 'एफक्यू-कोडेल' हा पर्याय असेल तर सोन्याहून पिवळं. तो प्रत्येकाची वेगळी रांग लावून आळीपाळीने पुढे सोडतो, त्यामुळे कटिंगवाला आपोआप सुटतो.

पण हा रामबाण उपाय नाही. सिग्नलच कमजोर असेल तर राउटरजवळ बसा किंवा सरळ केबल लावा. काही स्वस्त राउटर क्यूओएस चालू केल्यावर स्वतःच धापा टाकतात, म्हणून बदल केल्यावर पुन्हा टेस्ट करा. आणि कंपनीने दिलेल्या काही डब्यांमध्ये ही सोय नसतेच.

पासवर्ड कोणाकडे?

इंटरनेट कंपनीने आपल्या मर्जीने एखादी वेबसाइट फास्ट आणि दुसरी स्लो करू नये, हे नेट न्यूट्रॅलिटीचं तत्त्व आपल्या सरकारने २०१८मध्ये मान्य केलं. घरच्या राउटरवर मात्र तो अधिकार ॲडमिन पासवर्ड असलेल्याकडे असतो. म्हणून रूममेटच्या नकळत त्याच्या फोनवर २ एमबीपीएसची लिमिट टाकू नका. ज्याला ती सेटिंग समजत नाही तो बिचारा 'फोन बिघडला' म्हणून दुकानात जाईल.

त्यापेक्षा चौघं बसून ठरवा. इंटरव्ह्यू किंवा परीक्षा असेल त्याला त्या दोन तासांसाठी प्रायोरिटी, मोठे अपलोड रात्री आणि बाकी वेळ सगळे सारखे. पासवर्डही चौघांना माहीत असू द्या. बिल चौघं भरता ना?