दुचाकीची देखभाल – लेखांक ७ : ऑइलच्या डब्याची मागची बाजू

गेल्या आठवड्यात आपण चेन आणि स्प्रॉकेटबद्दल बोललो. आज इंजिन ऑइल. दुकानाच्या काउंटरवर या विषयाचा निकाल अर्ध्या मिनिटात लागतो. गिऱ्हाईक विचारतं, "चांगलं कुठलं आहे?" दुकानदार त्याच्याकडे जास्त खपणारा किंवा त्याला जास्त कमिशन देणारा डबा पुढे करतो. डब्याच्या दर्शनी भागावर रेसिंगची गाडी असते, ज्वाळा असतात, 'फुल सिंथेटिक' अशी ठळक अक्षरं असतात. तुमच्या गाडीला ते ऑइल चालेल की नाही हे मात्र मागच्या बाजूला बारीक टाइपात लिहिलेलं असतं. ती बाजू वाचता यावी, एवढ्यासाठी हा लेख आहे.

सुरुवात एका मूलभूत फरकापासून करू. मोटारीत इंजिनाचं ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं असतं. क्लच तर तेलाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, तो कोरडा असतो. आजच्या बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच ऑइलवर चालतात. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये घर्षण कमीत कमी हवं. गिअरच्या दात्यांमध्ये तेलाचा थर दाबाखाली फुटता कामा नये. क्लचच्या प्लेटी त्याच तेलात बुडालेल्या असताना एकमेकींना घट्ट धरून राहायला हव्यात, म्हणजे तिथे घर्षण लागतंच. एकाच द्रवाकडून आपण एका जागी निसरडेपणा मागतो आणि वीतभर अंतरावर पकड मागतो. मोटरसायकलच्या ऑइलचा सगळा प्रश्न या विरोधात आहे.

मोटारीच्या ऑइलमध्ये इंधन वाचवण्यासाठी घर्षण आणखी कमी करणारी रसायनं घालतात. मॉलिब्डेनमची संयुगं हे त्यातलं एक नेहमीचं उदाहरण. मोटारीसाठी ती गुणकारी आहेत. तेच ऑइल मोटरसायकलमध्ये ओतलं, तर ही रसायनं क्लच प्लेटींवर जाऊन बसतात आणि क्लच घसरायला लागतो. लक्षण ओळखायला सोपं आहे. खंबाटकीचा किंवा कसाऱ्याचा घाट चढताना वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला की इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. ऑइल बदलल्यानंतर लगेच हे सुरू झालं असेल, तर पहिला संशय ऑइलवर घ्या. योग्य ऑइल भरल्यावर क्लच बऱ्याचदा पुन्हा पकड घेतो. तसंच रेटत महिनोन्महिने गाडी चालवली, तर मात्र प्लेटी जळतात आणि नव्या घालाव्या लागतात. 'इंजिन ट्रीटमेंट' म्हणून ज्या छोट्या बाटल्या विकतात, त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत हेच घर्षण कमी करणारं द्रव्य असतं. वेट क्लचच्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचच्या गाडीत त्या ओतू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९९० च्या दशकात मोटारींसाठी इंधन वाचवणारी ऑइलं बाजारात वाढली, तेव्हा जपानी मोटरसायकल कंपन्यांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. अमेरिकेत ठरणारे ऑइलचे 'एपीआय' दर्जे मोटारींचा विचार करून ठरत होते, त्यात वेट क्लचचा विचारच नव्हता. म्हणून जपानच्या 'जासो' या वाहन मानक संस्थेने १९९८ मध्ये चारस्ट्रोक मोटरसायकलच्या ऑइलसाठी 'टी ९०३' नावाचं स्वतंत्र मानक आणलं. त्यात प्रत्यक्ष क्लच प्लेटी त्या तेलात फिरवून घर्षण मोजतात. पकड देणारं तेल 'एमए' आणि घर्षण कमी असलेलं 'एमबी'. २००६ च्या सुधारणेत एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन भाग झाले. एमए२ ची पकड त्यांत सगळ्यात जास्त.

डब्याच्या मागे एक छोटा चौकोन शोधा. त्यात नोंदणीचा क्रमांक असतो आणि इंग्रजीत जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं. गिअरच्या मोटरसायकलसाठी डबा निवडताना मी हा चौकोन आधी बघतो, कंपनीचं नाव नंतर. गाडीसोबतच्या पुस्तिकेत एमए सांगितलं असेल तर एमए२ बिनधास्त चालतं. एमबी मात्र गिअरच्या गाडीत घालू नका. एपीआयच्या गोल शिक्क्याच्या खालच्या अर्ध्या भागात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' किंवा 'एनर्जी कन्झर्व्हिंग' असं छापलेलं असेल, तर तो डबा मोटारीचा आहे असं समजून परत ठेवा.

मग एमबी कुणासाठी? स्कूटरसाठी. ॲक्टिव्हासारख्या गाडीत बेल्टवर चालणारी यंत्रणा असते, तिचा क्लच कोरडा असतो आणि मागच्या चाकाजवळच्या गिअरचं तेल वेगळ्या जागी असतं. तिथे इंजिन ऑइलचा क्लचशी संबंधच येत नाही, त्यामुळे निसरडं तेल चांगलंच, मायलेजला थोडी मदत होते. ॲक्टिव्हासाठी कंपनी १०डब्ल्यू-३० एमबी सांगते ते यामुळे. स्कूटरमध्ये एमए घातलं तर बिघाड होत नाही, तो किंचितसा फायदा फक्त हुकतो. घरात एक स्कूटर आणि एक मोटरसायकल असेल आणि एकच डबा दोन्हींत वापरायची वेळ आली, तर तो एमएचा असू द्या, एमबीचा नको. जुनी कास्ट आयर्न बुलेट ही या सगळ्याला अपवाद. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचकडची प्रायमरी चेन यांची तेलं वेगवेगळी असतात. तिच्या मालकाने ऐकीव सल्ल्यापेक्षा त्या मॉडेलच्या मूळ पुस्तिकेवर विसंबावं.

जासोच्या मानकातली आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरसचं संयुग घालतात. धातूवर धातू घासायची वेळ आली की ते मध्ये पातळ संरक्षक थर तयार करतं. फॉस्फरस जास्त झाला तर सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. म्हणून २००४ पासूनच्या एपीआय दर्जांमध्ये मोटारींच्या पातळ ऑइलसाठी फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आली. जासो मोटरसायकलच्या ऑइलमध्ये तो किमान ०.०८ आणि कमाल ०.१२ टक्के मागते. मोटारीला जी वरची मर्यादा आहे, ती मोटरसायकलला खालची मर्यादा आहे. 'नवीन मोटारीचं महागडं ऑइल म्हणजे माझ्या बाइकला उत्तमच' हा समज इथे कोसळतो.

आता १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० या आकड्यांकडे येऊ. काकवी थंडीत घट्ट होते आणि तापवली की धावते, तसंच तेलाचंही आहे. डब्ल्यूच्या अलीकडचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो, पलीकडचा आकडा इंजिन तापल्यावरचं. १०डब्ल्यू तेलाची थंडीतली चाचणी उणे २५ अंश सेल्सिअसला होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर हिमकण दिसतात त्या पहाटेही आपण या तापमानांच्या जवळपास जात नाही. मग पहिला आकडा निरुपयोगी का? नाही. सकाळी गाडी सुरू केल्यावर ऑइल पंपाने तेल वरपर्यंत पोहोचवेतो वरचे भाग उरल्यासुरल्या थरावर घासतात. १०डब्ल्यू तेल आपल्याकडच्या सकाळीही २०डब्ल्यूपेक्षा लवकर वर पोहोचतं. लेह-लडाखला निघालेल्या कुणाला 'तिकडे ऑइल बदलावं लागेल' असं सांगितलं असेल, तर उन्हाळ्यातल्या सफरीसाठी तशी गरज नाही. कंपनीने सांगितलेला ग्रेड तिथेही चालतो.

दुसरा आकडा १०० अंशांवरचा. ३० ग्रेडचं तेल त्या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स (घट्टपणाचं माप) असतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. म्हणजे ५० हे ३० पेक्षा सुमारे पावणेदोन पट घट्ट. 'आपल्याकडे उन्हाळा कडक, जाड तेल टाका' हा सल्ला नागपूर-चंद्रपूरपासून सोलापूरपर्यंत ऐकू येतो. सल्ला देणाऱ्याच्या मनात काळजी असते, पण हिशेब चुकतो. बाहेर ४५ अंश असोत की २५, इंजिनातलं तेल त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि तो ताप गृहीत धरूनच कंपनीने बेअरिंगमधली फट आणि पंपाची ताकद ठरवलेली असते. स्प्लेंडर किंवा शाइनसारख्या गाडीला १०डब्ल्यू-३० सांगितलं आहे, तिच्यात २०डब्ल्यू-५० भरलं तर इंजिन जड चालतं, मायलेज घटतं आणि सकाळी तेल उशिरा वर चढतं. याउलट रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० ला १५डब्ल्यू-५० सांगते. तिथे ३० भरणं तितकंच चुकीचं. जुनं इंजिन निळा धूर टाकत असेल तर जाड तेलाने धूर काही दिवस कमी दिसतो. झिजलेल्या पिस्टन रिंगा मात्र तेलाने भरून निघत नाहीत.

'सिंथेटिक' या शब्दामागे काय काय दडलेलं असतं, हे गिऱ्हाइकाला कळायला हवं. पूर्वी तो प्रयोगशाळेत रेणू जुळवून बनवलेल्या तेलासाठी वापरत. कच्च्या तेलावर अतिशय कसून प्रक्रिया केलेल्या तेलालाही सिंथेटिक म्हणता येईल, असा निर्णय १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरात-तंटे सोडवणाऱ्या संस्थेने मोबिल आणि कॅस्ट्रॉलच्या वादात दिला. तेव्हापासून या एका शब्दाखाली निरनिराळ्या प्रतीची तेलं विकली जातात. चांगलं सिंथेटिक उष्णतेत जास्त टिकतं, यात शंका नाही. रोज लांब पल्ला, जास्त आरपीएम किंवा मोठं इंजिन असेल तर पैसे सार्थकी लागतात. घर ते ऑफिस धावणाऱ्या शंभर सीसीच्या गाडीत कंपनीने सांगितलेलं साधं ऑइल वेळेवर बदललेलं, हे उशिरा बदललेल्या महागड्या सिंथेटिकपेक्षा केव्हाही चांगलं.

एपीआयच्या दर्जाचं थोडक्यात: एसजी, एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी अशी अक्षरं पुढे जातात तसा दर्जा नवा. पुस्तिकेत सांगितलेलं अक्षर किंवा त्यापुढचं चालतं, पण सोबत जासो एमए हवंच.

बदलायचं कधी? मोटरसायकलचं तेल मोटारीच्या तेलापेक्षा लवकर थकतं, कारण गिअरचे दाते तेलातल्या लांब पॉलिमर साखळ्या अक्षरशः तोडतात आणि तेल हळूहळू पातळ होत जातं. सध्याच्या पुस्तिकांमध्ये ऑइल बदलण्याचा आकडा पाच-सहा हजारांपासून दहा हजार किलोमीटरपर्यंत आढळतो, किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. गॅरेजमध्ये अजूनही दोन-अडीच हजारांचा जुना हिशेब चालतो. सगळ्यांना तो लागू करण्याची गरज नाही, पण दिवसभर शहरात थांबत-चालत डिलिव्हरी करणाऱ्याने किंवा ऊसवाहतुकीच्या धुळीच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्याने पुस्तिकेतल्या आकड्याच्या आधीच बदलावं. तेल काळं झालं म्हणजे वाया गेलं असं नाही; काजळी पोटात धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दुधाळ झालं तर मात्र आत पाणी शिरलंय. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर डिपस्टिक जरूर बघा, आणि दुधाळ दिसली तर गाडी सुरू न करता तेल बदला. पातळी बघताना गाडी मेन स्टँडवर सरळ हवी आणि इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं झालेली हवीत. वरच्या खुणेच्या पलीकडे भरलेलं ऑइलही इंजिनाला त्रासच देतं.

शेवटी दोन विनंत्या. रिकामे डबे गोळा करून त्यात हलकं तेल भरून विकण्याचा धंदा चालतो, तेव्हा सील तुमच्यासमोर फोडायला सांगा आणि रिकामा डबा तिथेच कापून टाका. दुसरी विनंती जुन्या तेलाबद्दल. ते वाळवीसाठी लाकडाला फासतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, नाहीतर सरळ गटारात सोडतात. त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि विषारी संयुगं असतात. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करून शुद्ध करवण्याची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या कंपन्यांवरही आली आहे. पुढच्या वेळी ऑइल बदलाल तेव्हा गॅरेजवाल्याला एवढं विचारा, की जुनं ऑइल तुम्ही कुणाला देता. परवानाधारक गोळा करणाऱ्याला देत असेल, तर त्याच गॅरेजला पुन्हा जा.