ठेकेदाराची चूक : समज आणि वस्तुस्थिती

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत, विशेषतः रांजणगाव व कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास, ज्या वेगाने स्लॅबची घरे उभी राहिली त्या वेगाने करारनामे काही लिहिले गेले नाहीत; चौरस फुटाचा दर तोंडी ठरतो, इसार हाती पडतो, आणि पुढे भिंत ओळंब्यात नाही किंवा न्हाणीघराचा उतार उलटा गेला असे आढळले म्हणजे ‘कागदच नाही, तर दाद कोणाकडे मागायची?’ असे म्हणून मालक स्वस्थ बसतो. हा समज निराधार आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्यान्वये तोंडी करारही करारच असतो. तो शाबीत करणे जड जाते इतकेच, आणि त्या कामी बँकेतून दिलेले हप्ते, उचलीच्या पावत्या व मोबाइलवरील संदेश उपयोगी पडतात.

याच्या उलट, आणि माझ्या मते अधिक अन्यायाचा, समज असा की, चूक सापडली म्हणजे राहिलेली सर्व रक्कम बुडवण्यास मुभा मिळाली. त्याच कायद्याच्या 73 व्या कलमाखाली घरदुरुस्तीचाच दाखला दिला आहे : काम ठरल्याप्रमाणे झाले नाही, तर ते कराराबरहुकूम करून घेण्यास लागणारा खर्च मालकाला वसूल करता येतो. फरशी उचलून उतार नव्याने देण्यास वीस हजार लागत असतील, तर त्यापायी दोन लाखांचा हप्ता अडवून धरणे ही भरपाई नव्हे, शिक्षा होय.

दोष कोणाचा, हेही आधी पाहावे लागते. भीमाकाठची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर उथळ पाया घेण्याचा हट्ट मालकाचाच असेल, तर भिंतीच्या तड्याचे खापर एकट्या ठेकेदारावर फोडता येत नाही. ठेका केवळ मजुरीचा असून सिमेंट-वाळू मालकाने आणली असेल, तर मालाच्या निकृष्टपणाचा जाब गवंड्याला विचारणे व्यर्थ. मात्र स्लॅबवर पुरेसे दिवस पाणी मारले नाही किंवा सेंटरिंग अकाली काढले, तर तो दोष कारागिरीचाच. म्हणून फोडाफोडीपूर्वी दोघांसमक्ष न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतावे, ते जाळीकडे न जाता उंबऱ्याशी साचते त्याचे छायाचित्र घ्यावे, पाणसळ लावून फरक मोजावा, आणि दुरुस्ती कोणी, किती मुदतीत, कोणाच्या खर्चाने करावयाची हे लिहून त्यावर उभयतांच्या सह्या घ्याव्यात.

पोलिसांत फिर्याद दिली की काम होते, हाही भ्रमच. फसवणुकीचा हेतू नसेल तर ही बाब दिवाणी स्वरूपाची. महारेराचा आधारही येथे मिळत नाही, कारण त्यामागचा कायदा सदनिका वा भूखंड विकणाऱ्या प्रवर्तकांसाठी आहे, स्वतःच्या जागेत घर बांधून घेणाऱ्यासाठी नव्हे. राहत्या घराचे बांधकाम ही मात्र ग्राहक संरक्षण कायद्याखाली ‘सेवा’ ठरते. सदोष सेवेची तक्रार, दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असल्यास, जिल्हा आयोगाकडे करावी लागते. त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असून, 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस शुल्क पडत नाही.