चारही चाकांची ओढ आणि पाठीवरचें घर

कोल्हापुराहून रत्नागिरीकडे येणारा प्रवासी आंबा घाटाच्या माथ्यावर पोंचला म्हणजे देश संपतो आणि कोंकण सुरू होतें. घाट उतरल्यावर जांभ्या दगडाचे उघडे सडे, तांबड्या मातीच्या गाडीवाटा, जागोजाग आडव्या येणाऱ्या खाड्या आणि शेवटीं किनाऱ्याची वाळू. इतक्या थोड्या अंतरांत इतक्या परींची जमीन इतरत्र क्वचितच सांपडेल. म्हणून आपलें बिऱ्हाड पाठीवर घेऊन आडवाटेनें जाणारी मालमोटार घरच्या घरीं उभारण्याची हौस ज्याला असेल, त्याला रत्नागिरी जिल्ह्याइतकी उत्तम शाळा मिळणार नाहीं. परंतु ही शाळा कडक आहे आणि चुकीचा दंड ती दामदुपटीनें वसूल करते.

चारही चाकांना एंजिनाची शक्ति देण्याची कल्पना जुनी आहे. हॉलंडमधील स्पायकर बंधूंनीं १९०३ सालीं अशी मोटार बांधली होती. पण सामान्य जनांच्या ती परिचयाची झाली दुसऱ्या महायुद्धांतील जीपगाडीमुळें. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईंत महिंद्र कंपनीनें जीपगाड्या जुळविण्यास आरंभ केला. पुढें १९५९ च्या सुमारास जर्मनीच्या मान कंपनीच्या नमुन्यावरून जबलपूर येथें सैन्यासाठीं ‘शक्तिमान’ मालमोटारी होऊं लागल्या. सैन्यानें मोडींत काढलेली अशी एखादी गाडी हौशी मनुष्याच्या हातीं लागते, आणि तेथून त्याच्या उद्योगास प्रारंभ होतो.

प्रथम या ओढीचें मर्म समजून घेतलें पाहिजे. गाडी वळतांना बाहेरच्या चाकाला आंतल्या चाकापेक्षां अधिक अंतर कापावें लागतें. त्यासाठीं आंसाच्या मध्यभागीं डिफरन्शियल नांवाची दांत्यांची योजना असते. ती दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगानें फिरूं देते. पण हीच सोय चिखलांत घात करते. एक चाक निसटतें झालें कीं तेंच गरगर फिरत राहतें आणि कोरड्या जमिनीवरचें दुसरें चाक स्वस्थ उभें असतें. ट्रान्स्फर केस ही पेटी एंजिनाची ओढ पुढच्या आंसालाही पोंचविते, म्हणून मागचीं चाकें हरलीं तरी पुढचीं गाडीला ओढून काढतात. त्याच पेटींत मंद गतीचा आणखी एक टप्पा असतो. जुन्या जीपमध्यें त्यानें वेग जवळजवळ निम्मा होई आणि ओढ दुप्पट होई.

मात्र साध्या बांधणींत पुढचा व मागचा आंस एकमेकांस जखडले जातात. वळणावर पुढच्या आंसाचा मार्ग मागच्यापेक्षां लांब असल्यामुळें कोरड्या डांबरी रस्त्यावर हा फरक जिरण्यास जागा उरत नाहीं; टायर घासतात व दांत्यांवर ताण येतो. यासाठीं घाटांतील कोरड्या रस्त्यावर मागच्याच दोन चाकांवर, खालच्या गिअरांत उतरावें. चारही चाकांची ओढ चिखल, वाळू व सैल मातीसाठीं राखून ठेवावी.

खरा कस लागतो तो पाठीवरचें घर बसवितांना. गाडीचा सांगाडा म्हणजे दोन लांब पोलादी तुळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. पुढचें डावें चाक कातळावर चढलें आणि त्याच वेळीं मागचें डावें चाक खांचेंत गेलें, म्हणजे ओलें वस्त्र पिळावें तसा या सांगाड्यास पीळ पडतो. तो पडलाच पाहिजे. त्यामुळेंच चाकें जमिनीस टेकून राहतात. त्यावर खोली चारी कोपऱ्यांनीं घट्ट आवळून बसविली, तर कांहीं प्रवासांतच तिचे सांधे उकलतात किंवा सांगाड्यास चीर जाते. यावरचा उपाय घरांतच दिसतो. उंचसखल जमिनीवर चौरंग डुगडुगतो, तिवई कधीं डुगडुगत नाहीं. म्हणून खोली तीन ठिकाणीं टेकवावी: मागें दोन बाजूंस दोन आधार आणि पुढें मधोमध एक फिरता सांधा. मग खालीं सांगाडा पिळला तरी वरचें घर सरळ राहतें.

दुसरी गोष्ट वजनाची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दीडशें लिटरांची टांकी म्हणजे दोन धट्टेकट्टे प्रवासी. हें वजन कोठें ठेवलें, यावर जीव अवलंबून असतो. डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १.६ मीटर धरलें आणि गाडीचा गुरुत्वमध्य १ मीटर उंचीवर असला, तर उभी गाडी कागदावर सुमारें ३८ अंशांच्या कलापर्यंत तग धरते. तोच मध्य १.६ मीटर उंचीवर गेला तर २६ अंशांतच ती उलटते. स्प्रिंगांचा झोल व वळणाचा वेग धरला तर प्रत्यक्षांत मर्यादा याहून पुष्कळ कमी. म्हणून पाणी, बॅटरी, हत्यारें खालीं आणि मध्यें असावीं. टपावर फार तर अंथरुणें.

किनाऱ्यावर तर अधिकच सावधगिरी हवी. ओहोटीची ओली वाळू फरसबंदीसारखी घट्ट भासते. पण सुमारें सहा तासांनीं भरती पूर्ण होते, आणि रुतलेल्या गाडीखालची वाळू लाट उपसून नेते. टायरांतील हवा कमी केली तर त्यांचा जमिनीवरील ठसा लांबतो व वाळूंत गाडी तरते. रस्त्यावर येतांच ती हवा पुन्हां भरावी लागते. शिवाय वेळास, गुहागर इत्यादि किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून कांसवें अंडीं घालतात. त्या वाळूवरून जाण्यापेक्षां गाडी वर ठेवून पायीं जाणें हाच शहाणपणा. खाडी ओलांडावयाची तर दाभोळ-धोपावेसारखी जंगरसेवा आहेच. मात्र गाडीची लांबी व वजन आधीं मोजलेलें असावें.

खारा वारा आणि वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस यांपुढें लोखंड टिकत नाहीं. जुना सांगाडा घेतांना नव्या रंगावर भुलूं नये. हातोडीनें ठोकून पाहावें. बद्द आवाज आला तेथें रंगाखालीं गंज समजावा. आणि एकही भोंक पाडण्यापूर्वीं नोंदणी-कार्यालयांत जावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणींतील मूळ तपशिलाशीं विसंगत ठरणारा फेरफार मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंही २०१९ सालीं हेंच स्पष्ट केलें.

१९५५-५६ सालीं ऑक्सफर्ड व केंब्रिजचे सहा तरुण दोन लहानशा लँडरोव्हर गाड्यांतून लंडनहून सिंगापुरास पोंचले. दूरच्या प्रवासास मोठें घर लागतेंच असें नाहीं. चारही चाकांची ओढ मनुष्यास अवघड जागीं नेऊन पोंचविते. तेथून सुखरूप परत आणतें तें हलकें ओझें आणि आधीं केलेला विचार.