खुर्चीतून केव्हा उठावं? डॉ. मनमोहन सिंग यांच्या निमित्ताने



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, 'सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं अर्थमंत्र्याशी काय काम?' प्रश्न रास्त आहे. वित्तीय तूट, चलनवाढ यांवर मी जरुरीपुरतंच बोलेन. मला रस आहे तो एका फार जुन्या प्रश्नात. प्लेटोला वाटत होतं की जाणकार माणूस राज्यकर्ता झाल्याशिवाय राज्यांची दुखणी संपणार नाहीत. कांटने १७९५ साली नेमकं उलट म्हटलं. जाणकाराने राजा होऊच नये, कारण सत्ता हातात आली की बुद्धीचा निवाडा स्वतंत्र राहत नाही. राजाने फक्त त्याला मोकळेपणी बोलू द्यावं, म्हणजे झालं. आपल्या देशात हा प्रयोग आपल्या डोळ्यांदेखत झाला. एक अर्थशास्त्रज्ञ आधी सल्लागार होता, मग मंत्री झाला आणि पुढे दहा वर्षं पंतप्रधान राहिला.

आयुष्याची रूपरेषा तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. जन्म २६ सप्टेंबर १९३२ चा, आजच्या पाकिस्तानातल्या पंजाबात, गाह नावाच्या खेड्यात. आई लहानपणीच गेली, आजीने वाढवलं. गावात वीज नव्हती. सुरुवातीचं शिक्षण उर्दूतून झालं, त्यामुळे पंतप्रधान झाल्यावरही हिंदी भाषणं ते उर्दू लिपीत लिहिलेल्या कागदावरून वाचत. फाळणीनंतर कुटुंब अमृतसरला आलं. पुढे पंजाब विद्यापीठ, शिष्यवृत्तीवर केंब्रिज, आणि १९६२ साली ऑक्सफर्डची डी.फिल.

या प्रबंधापाशी जरा थांबू. विषय होता भारताची निर्यात. त्या काळी आपल्याकडे असं धरून चालत की गरीब देशाच्या मालाला जगात मागणी वाढतच नाही, तेव्हा निर्यातीच्या मागे लागण्यात अर्थ नाही, आयात अडवा आणि सगळं घरीच बनवा. या तरुण प्राध्यापकाने आकडे मांडून दाखवलं की निर्यात खुंटली याला जगाइतकीच आपली धोरणंही जबाबदार आहेत. तेव्हा नेहरू पंतप्रधान होते. हे म्हणणं सरकारी धोरणात उतरायला १९९१ साल उजाडावं लागलं. म्हणजे एकोणतीस वर्षं.

मधल्या काळात ते काय करत होते? दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये थोडी वर्षं शिकवलं. १९७१ पासून सरकारात. मुख्य आर्थिक सल्लागार, १९८२ ते १९८५ मुंबईला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, मग नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. ज्या परवाना-पद्धतीबद्दल मनात शंका होती, तीच चालवणाऱ्या कचेऱ्यांत त्यांची उमेद गेली. याला कोणी दुटप्पीपणा म्हणेल. मी म्हणत नाही. ते कधीच कट्टर बाजारवादी नव्हते. केंब्रिजला जोन रॉबिन्सन आणि कॅल्डॉर यांच्या हाताखाली शिकलेला माणूस तो. पण एक सवय मात्र या वर्षांत लागली असावी. मत टिपणात लिहायचं, वरिष्ठांकडे पाठवायचं आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा.

१९८६ च्या सुमाराची गोष्ट आहे. पंतप्रधान राजीव गांधींनी नियोजन आयोगाची विदूषकांचं टोळकं अशी संभावना केल्याचं प्रसिद्ध झालं. मनमोहन सिंग राजीनामा द्यायला निघाले होते. आयोगाचे त्या वेळचे सचिव सी. जी. सोमय्या यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे की मीच त्यांची समजूत घालून त्यांना थांबवलं. हा प्रसंग ध्यानात ठेवा, कारण असे प्रसंग पुढेही येणार आहेत.

आता १९९१. परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलेलं. नरसिंह रावांचं सरकार अल्पमतातलं. अर्थमंत्रिपदासाठी रावांनी आधी आय. जी. पटेल यांना विचारलं होतं, ते नको म्हणाले. मग मनमोहन सिंगांना बोलावणं आलं. ते तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. २१ जूनला शपथ, १ जुलैला रुपयाचं पहिलं अवमूल्यन. गदारोळ झाला. ३ जुलैच्या सकाळी रावांचं मन डळमळलं आणि त्यांनी दुसरं पाऊल थांबवायला सांगितलं. अर्थमंत्र्यांनी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला. तोवर दुसरं अवमूल्यन होऊन गेलं होतं! त्याच महिन्यात सुमारे ४७ टन सोनं परदेशी बँकांकडे तारण म्हणून मुंबईहून रवाना झालं. घरातलं सोनं गहाण टाकणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला समजावून सांगावं लागत नाही. देशभर लोकांना ते लागलं.

२४ जुलैला आधी नवं औद्योगिक धोरण आलं आणि संध्याकाळी अर्थसंकल्प. बहुतेक उद्योगांना परवान्याची गरज उरली नाही. त्या भाषणाची स्तुती अजून होते. मला मात्र त्याच अर्थसंकल्पातला खतांचा मुद्दा जास्त शिकवणारा वाटतो. खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढवल्या होत्या. काँग्रेसचेच खासदार उठले. ऑगस्टमध्ये वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि लहान शेतकऱ्यांना तीतून वगळलं. पक्षातल्यांना बोलून मोकळं होऊ देणं, थोडं सोडून बाकीचं राखणं, ही कामं रावांची. तशी ती नसती झाली तर अर्थमंत्र्यांचं शास्त्र फायलीतच राहिलं असतं. ज्ञान एकाचं आणि सत्ता दुसऱ्याची, अशी ती जोडी होती. कांट खूश झाला असता.

१९९३ च्या अखेरीला रोखे घोटाळ्यावरचा संसदीय समितीचा अहवाल आला. अर्थमंत्र्यांनी राजीनामा देऊ केला, रावांनी तो घेतला नाही.

२००४ साली मात्र जोडीतला दुसरा माणूसच नव्हता. पंतप्रधान तेच. पण पक्षाच्या अध्यक्ष सोनिया गांधी, आणि सरकार अनेक पक्षांच्या टेकूवर. स्वतः राज्यसभेत. लोकसभेची एकच निवडणूक लढले, १९९९ ला दक्षिण दिल्लीतून, आणि हरले. रावांनी केलेलं काम आता त्यांनाच करायचं होतं. पहिल्या पाच वर्षांत बरंच काही झालं. माहितीचा अधिकार आला, रोजगार हमीचा कायदा आला. रोजगार हमीचं मूळ आपल्याकडे, वि. स. पागे यांच्या कल्पनेत आणि ७२ च्या दुष्काळात आहे, हे दिल्लीवाले क्वचित सांगतात. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराबद्दल २००५ मध्ये त्यांनी संसदेत देशाची क्षमा मागितली. आणि २००८ साली, अणुकरारासाठी, त्यांनी खुर्ची पणाला लावली. डाव्यांनी पाठिंबा काढला, २२ जुलैला २७५ विरुद्ध २५६ असा विश्वासठराव जिंकला. त्याच दिवशी लोकसभेत नोटांची बंडलं दाखवली गेली. निर्धार त्यांचा होता, पण विजयाला डाग लागला तो लागलाच.

आता दूरसंचारचं प्रकरण. नोव्हेंबर २००७ मध्ये पंतप्रधानांनी मंत्री ए. राजा यांना पत्र लिहिलं की परवानेवाटप न्याय्य आणि पारदर्शक असावं. राजांनी उत्तर पाठवलं. जानेवारी २००८ मध्ये परवाने वाटले गेले. मंडळी, पंतप्रधानाने आपल्याच मंत्र्याला पत्र लिहून सुचवायचं! हे टिपण आहे, सल्लागाराचं टिपण. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली १२२ परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यात २०१७ ला सगळे आरोपी सुटले, हेही सांगायला हवं. कोळशाचं खातं तर काही काळ त्यांच्याकडेच होतं. त्यांच्या वैयक्तिक सचोटीवर विरोधकही फारसे बोलले नाहीत. पण राज्यकर्त्याची सचोटी त्याच्या एकट्यापुरती मोजता येते का?

इथे मला आपले चिंतामणराव देशमुख आठवतात. कारकिर्दी किती जुळतात बघा. देशमुख रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, अर्थमंत्री, विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष. सिंगही तिन्ही, क्रम तेवढा वेगळा. पण १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर, आणि मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय जाहीर होतात या तक्रारीवर, देशमुख उठले आणि निघून आले. आपण मराठी माणसं तो राजीनामा अभिमानाने सांगतो. मीही सांगतो. त्याची दुसरी बाजू सहसा सांगत नाही. दुसरी पंचवार्षिक योजना नुकतीच सुरू झाली होती आणि लगेचच परकीय चलनाची टंचाई उभी राहिली. नेमक्या त्या वेळी हिशेबाला काटेकोर असा अर्थमंत्री जागेवर नव्हता. मुंबई महाराष्ट्राला मिळाली ती चळवळीने, राजीनाम्याने नव्हे.

तेव्हा उठणारा नैतिक आणि बसणारा लोचट, इतकं सोपं हे नाही. मॅक्स वेबरने दोन नीती सांगितल्या. एक आपल्या तत्त्वाला जपते, दुसरी परिणामांची जबाबदारी घेते. बसून राहणारा माणूस दुसरीचा आधार घेतो, 'मी गेलो तर याहून वाईट होईल.' या युक्तिवादाची अडचण अशी की तो कधीच खोटा पाडता येत नाही. तुम्ही गेलाच नाहीत, तर गेल्यावर काय झालं असतं हे कसं कळणार? म्हणून तो रोज नव्याने वापरता येतो. फेब्रुवारी २०११ मध्ये दूरचित्रवाणीच्या संपादकांसमोर त्यांनी आघाडीच्या अपरिहार्यतेचं कारण दिलं. माझ्या मते उठायची वेळ ती होती. सप्टेंबर २०१३ मध्ये ते अमेरिकेत असताना राहुल गांधींनी त्यांच्याच मंत्रिमंडळाचा अध्यादेश जाहीरपणे धिक्कारला. तेव्हा त्यांनी माँटेकसिंग अहलुवालियांना विचारलं, मी राजीनामा द्यावा का? अहलुवालियांनी नको म्हटल्याचं स्वतःच लिहिलं आहे. सोमय्यांचा प्रसंग आठवतो ना? सत्तावीस वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न, तसंच उत्तर. दोन्ही वेळा सल्ला देणारे त्यांचे हितचिंतकच होते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीनंतर, ते राज्यसभेत बोलायला उभे राहिले. वय ८४. भाषण काही मिनिटांचंच. अंमलबजावणीला त्यांनी 'संघटित लूट' म्हटलं आणि राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ दोन टक्क्यांच्या आसपास घटेल असं सांगितलं. घट नेमकी किती झाली यावर अर्थतज्ज्ञ अजून वाद घालतात. पण मी ते भाषण पाहिलं तेव्हा वाटलं, इतक्या वर्षांत हे इतकं थेट बोलले नव्हते. बोलून झालं आणि ते खाली बसले.